फोनवाली यल्लव्वा

गडमुडशिंगीत यल्लव्वा नावाच्या तीन बायका होत्या. एक तळ्याजवळची, एक गिरणीवाली आणि एक फोनवाली. फोनवालीचा नवरा गणपती गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होता आणि सोनम ही त्यांची एकुलती मुलगी. यल्लव्वाचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. त्या गुडघ्यावर हात दाबून, एक खांदा खाली टाकत ती चालायची, पण धडधाकट माणूस मागं पडेल अशी चालायची. सातवी झालेली होती. १९९४ साली अपंगांच्या कोट्यातून तिला एसटीडी बूथ मंजूर झाला आणि ग्रामपंचायतीच्या रस्त्याला तिचं पत्र्याचं खोकं उभं राहिलं.

खोक्यात टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर पळणारे लाल आकडे. कोपऱ्यात केबिन. खाली प्लायवूड, वर काच, आत एक स्टूल. ही केबिन गणपतीनं सुट्टीच्या दिवशी स्वतः ठोकून केली होती. दार घट्ट बसत नव्हतं म्हणून यल्लव्वानं त्याला ते दोनदा काढायला लावलं. फोन करायला येणाऱ्याला दाराशी काय करायचंय, म्हणून तो वैतागला. यल्लव्वानं कारण सांगितलं नाही, नुसतं पुन्हा रंधा मारायला लावला.

कारण तिच्यापाशी होतं. ती नवी नवरी असताना माहेरचं पत्र आधी सासऱ्यांच्या हातात पडायचं, सोप्यात चारचौघांपुढं मोठ्यानं वाचलं जायचं आणि मग घडी मोडलेलं तिच्याकडं यायचं. तिला वाचता येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला ही रीत कळली तेव्हापासून पत्रात पाऊसपाणी आणि म्हशीची तब्येत याशिवाय काही येईना. आई दोन वर्षं पोटाच्या दुखण्यानं झिजत होती, हे यल्लव्वाला आई गेल्यावर कळलं.

गावात तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कुणाचा मुलगा मिलिटरीत, कुणाचा भाऊ पुण्याला, कितीतरी घरांतली पोरं इचलकरंजीला यंत्रमागावर. सगळ्यांच्या वह्यांत यल्लव्वाचाच नंबर लिहिलेला. फोन आला की ती निरोप कागदावर उतरवायची आणि गुडघा दाबत त्या घरी जायची. लग्न ठरल्याचा, बाळंतपणाचा, नोकरीचा निरोप ती उंबऱ्यातूनच सांगायची. वाईट बातमी असली की मात्र आत जाऊन बसायची.

१९९७ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीहून असाच एक फोन आला. झुंबरबाईचा गुंडू तिथं शेडमध्ये रात्रपाळी करायचा. मागाच्या पट्ट्यात हात सापडून त्याची चार बोटं गेली होती. सांगणारा घाईत होता, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. यल्लव्वानं शटर ओढलं आणि झुंबरबाईच्या घरी गेली. झुंबरबाई तांदूळ निवडत बसली होती. यल्लव्वानं सुपातले थोडे तांदूळ आपल्यापुढं ओढले आणि तीही खडे वेचू लागली. घरात आणखी कोण आहे, थोरला कुठं गेलाय, हे तिनं इकडचं तिकडचं बोलत काढून घेतलं. थोरला परतल्यावर मग ती म्हणाली, "गुंडूच्या हाताला लागलंय. जिवाला धोका न्हाय. आधी पाणी पी, मग सगळं सांगतो." संध्याकाळच्या गाडीत दोघांना बसवूनच ती घरी आली. गुंडू बरा झाला, डाव्या हातानं लिहायला शिकला. झुंबरबाई मात्र तो दिवस आठवला की फोनबद्दल काही बोलायची नाही. यल्लव्वा आक्कानं माझे तांदूळ निवडले, एवढंच सांगायची.

केबिनचा नियम एकच होता. आत एका वेळी एक माणूस, दार लावून. हा नियम पुष्कळांना खुपायचा. हंबीरराव पाटील नावाचे एक बडे शेतकरी सुनेला माहेरी फोन लावून द्यायला स्वतः घेऊन आले आणि तिच्यामागून केबिनमध्ये शिरायला लागले. यल्लव्वा उठली.

"पाटील, पाय काढा दारातला. आत एकच माणूस बसतंय."

"माझी सून हाय ती."

"व्हय की. फोन झाला की तुमचीच हाय."

हंबीररावांनी पाय काढला, पण पुढं महिनाभर त्यांच्या घरचं कुणी बूथवर फिरकलं नाही. मग पुन्हा यायला लागले, कारण गावात दुसरा फोन नव्हता.

काचेतून आतलं ऐकू येत नसे, पण दिसे. दहा वर्षांत यल्लव्वाला माणसांची पाठ वाचायची सवय लागली. सासू बाहेर बाकड्यावर बसलेली असली की सून ताठ बसून बोले. समोरून विचारलेला प्रश्न पुन्हा स्वतः म्हणे आणि मग उत्तर देई. "बरी हाय काय म्हणतीस? बरी हाय की." सासू कंटाळून भाजी आणायला गेली की तीच सून भिंतीकडं तोंड करून पदरात रडे. कधी कधी दार नीट लागलेलं नसलं की असं बोलणं यल्लव्वाच्या कानावर पडे. ती उठून दार ओढून घेई.

सोनम बारावी झाली. २००२ च्या डिसेंबरात गावच्या विहारात तिचं लग्न झालं. मुलगा शिरोळचा, अतुल. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक, बोलायला गोड, कामाला वाघ. घरी विधवा आई, चिमणाबाई. सोनम दर गुरुवारी बाजाराच्या निमित्तानं बाहेर पडायची आणि शिरोळच्या एका बूथवरून आईला फोन लावायची. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास यल्लव्वा गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवून स्वतः केबिनमध्ये जाई. लेक सासूची नक्कल करी, नवऱ्याचं कौतुक करी, कधी रडे, कधी भाकरी का फुगत नाही म्हणून विचारी. दहा मिनिटं, कधी पंधरा. एकदा तिनं अतुल चिडका आहे असं सांगितलं, आणि पुढच्या गुरुवारी स्वतःच म्हणाली की तसं काही नाही, उन्हाचा माणूस चिडतो.

२००४ च्या दिवाळीत अतुलनं मोबाईल घेतला. पहिला फोन त्यानं सासूलाच केला. "मामी, आता सोनमला बूथवर ताटकळायला नको. रोज बोला तुमी मायलेकी." यल्लव्वाला बरं वाटलं. गणपतीनं तर फौंड्रीत पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. आणि खरंच रोज संध्याकाळी अतुल घरी आला की फोन येऊ लागला. काय केलंस, काय जेवलात, पाऊस आहे का. तीन-चार मिनिटं बोलणं व्हायचं आणि फोन ठेवला जायचा.

पहिले काही दिवस यल्लव्वाच्या लक्षात आलं नाही. मग एके संध्याकाळी तिनं विचारलं, कंबर दुखत होती ती राहिली का. पलीकडून सोनम म्हणाली, "कंबर काय म्हणतीस? राहिली की." हे बोलणं यल्लव्वानं काचेआडून दहा वर्षं पाहिलं होतं.

तिनं गणपतीला सांगितलं. त्याला पटलं नाही. आधी आठवड्यातून एकदा बोलायची, आता रोज बोलते, आणि तुला म्हणे पोरगी बोलत नाही. यल्लव्वानं गुरुवारची वाट पाहिली. गुरुवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिनं संध्याकाळी सहज विचारल्यासारखं केलं, बाजाराला जात नाहीस का गं. सोनमनं सांगितलं की आता सासू जाते बाजाराला, आणि फोन घरातच आहे तर बूथवर कशाला जायचं, असं हे म्हणतात. मागं अतुलचं हसणं ऐकू आलं.

संक्रांतीला दोघं आली तेव्हा सोनम वाळली होती. अतुल सोफ्यावर बसून मोबाईलची बटणं दाबत होता. कौतुकानं त्यानं सासूला दाखवलं की यात सगळं राहतं. कुणी कुणाला लावला, किती वाजता लावला, किती मिनिटं बोललं. "काय लपत न्हाय मामी ह्यात," तो म्हणाला. सोनम त्या वेळी तिळगूळ वाटीत भरत होती. तिनं मान वर केली नाही. स्वयंपाकघरात दोघींना एकटं सापडायला यल्लव्वानं खटपट केली, पण अतुल पाण्याच्या निमित्तानं दोनदा आत आला, आणि दोघं तशीच परत गेली.

इकडं बूथवरची माणसंही पातळ होत होती. आधी पोरांनी मोबाईल घेतले, मग बापांनी. रस्त्यानं चालता चालता माणसं घरातल्या गोष्टी मोठमोठ्यानं बोलू लागली. पूर्वी जे बोलायला दार लागायचं ते आता एसटीत ऐकू यायचं. ज्या बायकांच्या नवऱ्यांनी फोन घेतले त्या बूथवर यायच्या बंद झाल्या, आणि वाटेत भेटल्या की घरचं विचारल्यावर बरं आहे म्हणून पुढं जायच्या. यल्लव्वाला त्यांच्या चेहऱ्यावर आता नीट काही वाचता येत नव्हतं.

जुलै २००५. आठ दिवस सोनमचा आवाज बसलेला होता. सर्दी म्हणाली. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा बूथवर कुणी नव्हतं. यल्लव्वा रिसीव्हर घेऊन स्टुलावर बसली, दार ओढलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"सोनम, आता मी विचारतो. खरं असंल तर 'जेवलो' म्हण. खोटं असंल तर 'अजून न्हाय' म्हण. कळलं?"

पलीकडून सोनम म्हणाली, "जेवलो."

"तो शेजारी हाय?"

"जेवलो की."

"हात उचलतोय तुझ्यावर?"

"व्हय, जेवलो मघाशीच."

"सासूला ठावं हाय?"

"जेवलो."

"घरी येतीस?"

सोनम थांबली. मागून अतुलनं विचारलं, किती डाव जेवल्याचं सांगतीस. सोनम त्याला म्हणाली, आईला नीट ऐकू येत नाही. त्यानंतर फोन बंद झाला.

यल्लव्वा केबिनमध्येच बसून राहिली. गणपती पाळीवरून आला तेव्हा तिनं त्याला सगळं शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं बाहेरच्या नळावर हात धुतले, परत धुतले. सकाळी जायचं ठरलं.

सकाळी गाड्या बंद होत्या. पंचगंगा पात्राबाहेर आली होती, सांगली रोडवर पाणी होतं. तिकडं कृष्णा त्याहून चढलेली. शिरोळकडच्या गावांत होड्या घालून माणसं काढताहेत, असं ग्रामपंचायतीत कळलं. गणपती दोनदा कोल्हापूरपर्यंत जाऊन परत आला. यल्लव्वा दर अर्ध्या तासानं अतुलचा नंबर फिरवी आणि एक बाई गोड आवाजात सांगे की संपर्क होऊ शकत नाही. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. गावात आणखी चारपाच जणांची माणसं तिकडं अडकली होती. त्यांच्या हातांत आपापले मोबाईल होते, आणि त्यांनाही तीच बाई तेच सांगत होती. असे सहा दिवस गेले. यल्लव्वानं या सहा दिवसांत पुराला जितक्या शिव्या दिल्या त्याहून जास्त स्वतःला दिल्या. आदल्या गुरुवारी का गेलो नाही, संक्रांतीला तिला ठेवून का घेतली नाही.

सातव्या दिवशी दुपारी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून खोक्यापुढं उतरला. मांडीपर्यंत चिखल. फोनवाल्या यल्लव्वा तुमीच काय, म्हणून विचारलं. शिरोळचा नेमगोंडा, असं त्यानं नाव सांगितलं. जैन शेतकरी, चिमणाबाई त्याच्या शेतात रोजगाराला जायची. रस्ता आजच सकाळी मोकळा झाला होता आणि तो कोल्हापुरात पावण्यांकडं औषधं न्यायला आला होता. त्याच्या बायकोनं, चंदनानं, त्याला वाट वाकडी करून इथं पाठवलं होतं.

"पोरगी सुखरूप हाय," तो आधी म्हणाला. मग पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "पावणं, तुमी पोरीला घिऊन जावा. जयसिंगपुरात शाळेत हायती सगळी. मला एवढंच सांगायला सांगितलंय, आनि मी बी जास्त इचारलेलं न्हाय."

त्याच दिवशी दोघं निघाली. शाळेच्या आवारात ओल्या गोधड्या वाळत घातलेल्या, व्हरांड्यात चुली. बायका एका वर्गात आणि पुरुष दुसऱ्या वर्गात होते. अतुलचा मोबाईल पाण्यात भिजून बंद पडला होता. मोबाईल आल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा सोनम त्याच्या नजरेआड झोपली होती. शाळेत आल्याच्या दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना शेजारी बसलेल्या चंदनानं तिच्या मनगटाकडं पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. सोनमनं पडले म्हणून सांगितलं. चंदना सोनमच्या पुढचं पीठ आपल्याकडं ओढून तिच्या वाटणीच्या भाकऱ्या थापू लागली. मग सोनमला बांध राहिला नाही. संध्याकाळपर्यंत त्या वर्गातल्या वीस-पंचवीस बायकांना सगळं ठाऊक झालं होतं.

यल्लव्वा वर्गात शिरली तेव्हा सोनम खिडकीपाशी बसली होती. आईला पाहून ती उठली नाही. यल्लव्वा तिच्याजवळ फरशीवर बसली. बराच वेळ सोनम तिचा अधू पाय चेपत राहिली, लहानपणी चेपायची तसा.

"त्या दिवशी तू इचारलीस घरी येतीस काय," शेवटी ती म्हणाली. "मला 'जेवलो' म्हणायचं होतं."

अतुल दारात आला. मामी, गैरसमज झालाय, म्हणाला. संसारात भांडणं होतात, म्हणाला. गणपती आयुष्यात मोठ्यानं बोललेला माणूस नव्हे. तो जावयापुढं जाऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की आम्ही घेऊन जातोय, तुम्ही इथंच थांबा. मागं चंदना आणि त्या सगळ्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, चिमणाबाईसुद्धा. चिमणाबाई मुलाच्या बाजूला गेली नाही आणि सुनेच्याही नाही. नुसती उभी राहिली. अतुल बाजूला झाला.

सोनम घरी आली, पण सुटली असं म्हणता येईना. पंधरा दिवसांत अतुलनं नवा मोबाईल घेतला आणि बूथवर फोन सुरू झाले. आधी रडून. सोनमला द्या, चुकलो म्हणून सांगतो. मग धमक्या. मग नुसतंच गप्प. यल्लव्वानं उचलला की पलीकडं श्वास. दिवसात वीस वेळा, तीस वेळा. पूर्वी माणसाला फोन करायला उठून कुठंतरी जावं लागायचं. हा कामावरून करायचा, वाटेतून करायचा, जेवता जेवता करायचा. आणि यल्लव्वाला प्रत्येक फोन उचलावा लागायचा, कारण त्यातला एखादा कुणाचा तरी खरा निरोप असेल असं तिला वाटायचं. घंटा वाजली की सोनम घरात असली तरी कानांवर हात ठेवायची. खोकं घरापासून दोनशे पावलांवर होतं, तिथली घंटा घरात ऐकू येण्यासारखी नव्हती. तिला ऐकू यायची.

पोलीस चौकीत अर्ज दिला, तिथल्या समुपदेशनाच्या बाईंकडं तीनचार खेपा झाल्या. टेलिफोनच्या ऑफिसात साहेब म्हणाले, बाई, नंबर बदलून घ्या, सोपं आहे. यल्लव्वाला ते सोपं वाटेना. अकरा वर्षांत हा नंबर कुठं कुठं गेला होता. मिलिटरीतल्या पोरांच्या वह्यांत, पुण्यातल्या, मुंबईतल्या पाकिटांत, इचलकरंजीतल्या शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला. तो बदलला तर त्या माणसांनी गावात कुणाला हाक मारायची? चार महिने तिनं तसेच काढले. शेवटी सोनमची अन्नावरची वासना गेली तेव्हा तिनं नंबर बदलला. जुन्या नंबरवर फोन करणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून तिनं नवा नंबर खडूनं शटरवर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि घरोघरी सांगायला निघाली.

पहिल्याच घरात तिला सांगितलं गेलं, आक्का, पोराचा मोबाईल हाय की. दुसऱ्या घरात तेच. झुंबरबाईनं नंबर लिहून घेतला, पण तोही बहुतेक तिला वाईट वाटू नये म्हणून. महिनाभर यल्लव्वा बूथवर बसून राहिली. नव्या नंबरवर एकही फोन आला नाही. अतुलचे फोन थांबले होते, आणि त्यांच्याबरोबर सगळेच थांबले होते. ज्यांच्यासाठी तिनं ते चार महिने सोसले ती माणसं कधीच दुसरीकडं गेली होती, आणि रोज वाजणारी ती घंटा एकट्या अतुलचीच होती. यल्लव्वानं ही गोष्ट कुणाजवळ बोलून दाखवली नाही. आणखी वर्षभर तिनं बूथ कसाबसा चालवला आणि २००७ च्या मार्चमध्ये कनेक्शन सोडलं. मशीन पिशवीत घालून स्वतः ऑफिसात नेऊन दिलं. खोक्यात आता एकजण चपला शिवतो.

सोनम तोवर सावरत होती. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये तिला रिसेप्शनवर काम लागलं. रिपोर्ट तयार झाल्याचं पेशंटला कळवायला लागायचं, म्हणून तिनं मोबाईल घेतला. आईला तिनंच तो वापरायला शिकवला. सहा महिने बरे गेले. मग यल्लव्वाला दिसायला लागलं की संध्याकाळी फोन वाजला की सोनम परसात जाते, गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून हळू बोलते. परत आली की चेहरा धुते. कोण होतं विचारलं तर मैत्रीण म्हणते.

यल्लव्वाला झोप लागेना. अतुलनं नंबर मिळवला असेल का? पोरगी भुलली असेल का? पुन्हा तिकडं जायचं म्हणेल का? एका रविवारी सकाळी सोनम न्हायला गेली होती. फोन खिडकीत होता. यल्लव्वानं तो उचलला आणि सोनमनंच शिकवलेली बटणं दाबली. अतुलचा नंबर तिला पाठ होता. त्या आठवड्यात तो सात वेळा दिसला. सहा वेळा आलेला, एकदा इकडून लावलेला. नऊ मिनिटं.

मागं पाणी ठिबकल्याचा आवाज झाला. सोनम ओल्या केसांनी उभी होती.

"तू बी?" ती म्हणाली.

फोन यल्लव्वाच्या हातातच होता. लोकांच्या सुना, लोकांच्या लेकी, सगळ्यांची दारं तिनं लावली होती, आणि स्वतःच्या पोरीच्या बाबतीत ती त्या माणसाच्या जागी जाऊन उभी राहिली होती. भीतीनं केलं, असं ती सांगू शकली असती. पण अतुलही तेच म्हणायचा, काळजी म्हणून बघतो.

तिनं फोन सोनमच्या हातात दिला. सोनमनं तो टॉवेलनं पुसला.

"तो करतोय. कदी मी उचलतो, कदी न्हाय," ती म्हणाली. "एकदा मीच लावला. सोडचिठ्ठीच्या कागदावर सही कर म्हणून सांगायला लावला. मला सांगायचं तवा मी तुला सांगितलं असतं आई."

त्या दिवसापासून सोनम फोन उशाखाली घेऊन झोपू लागली. घरात बोलणं व्हायचं, भांडण नव्हतं, पण जेवणाखाण्यापलीकडं ते जाईना. पुढच्या महिन्यात तिनं लॅबमधल्या मनालीबरोबर कोल्हापुरात खोली घेतली. जाणं-येणं परवडत नाही, दमायला होतं, असं कारण सांगितलं. गणपतीला ते खरं वाटलं. यल्लव्वानं डबा, गोधडी, लोणच्याची बरणी बांधून दिली. तिनं सोनमला फोन करायचं सोडून दिलं. सोनमचा आला तर बोलायची, आणि तो कुठून करतेस, शेजारी कोण आहे, हे तिनं कधी विचारलं नाही. ते न विचारणं तिला फार जड जायचं.

सोनम दर दुसऱ्या रविवारी यायची. २००८ च्या फेब्रुवारीत अशीच आली, जेवली, वडलांच्या चष्म्याचा नंबर बदलायला झाला म्हणाली, आणि चारच्या गाडीला निघाली. यल्लव्वा तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेली. थांब्यावर दोघीच होत्या. सोनमचा फोन पर्समध्ये वाजला. तिनं तो काढून पाहिला, बंद केला आणि परत आत ठेवला. यल्लव्वा रस्त्याकडं बघत राहिली.

"त्याचाच होता," सोनम म्हणाली. "सही करतो म्हणालाय. मंगळवारी कोर्टात तारीख हाय."

यल्लव्वानं मान हलवली.

"एकटीला जायला भ्या वाटतंय मला. तू येशील काय?"

"येतो की."

"साडेदहाला लागतंय. तुला चढायला जिनं हायती तिथं, लई."

"चढतो," यल्लव्वा म्हणाली.

गाडी आली. सोनम चढली, खिडकीजवळ बसली. गाडी वळेपर्यंत यल्लव्वा उभी राहिली आणि मग मंगळवारी कुठलं लुगडं नेसायचं याचा विचार करत, गुडघा दाबत घराकडं वळली. मंगळवारी अतुल आलाच नाही. पुढची तारीख पडली, मग त्याच्या पुढची. सही व्हायला सप्टेंबर उजाडला. प्रत्येक तारखेला यल्लव्वा ते जिने चढली.